नऊ टाक्या पाणी

शंभर ग्रॅम पाण्यात वीस ग्रॅम मीठ विरघळवलं, तर द्रावण किती टक्क्यांचं होतं? हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिला चहा यायच्या आत, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने विचारला. मी केमिस्ट्री घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली. तोंड वर करून म्हणाले, "वीस."

"आनी मीठ कुठं गेला? हवेत उभा हाय?"

मग त्यांनीच खडू घेऊन टेबलाच्या काळ्या फरशीवर मांडून दाखवलं. शंभर पाणी, वीस मीठ, झाले एकशेवीस. एकशेवीसात वीस, म्हणजे शंभरात साडेसोळाच्या जरा वर. "वीस टक्का पायजेल तं वीस मीठ नि ऐंशी पानी. पान्यात उतरला म्हंजे वजन सोडून उतरला नाय, गो बाय."

हे हिराजी म्हात्रे. तुर्भ्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात पदाने मदतनीस आणि शिक्षणाने सातवी पास. पण सगळे केमिस्ट त्यांना काका म्हणायचे आणि वचकून असायचे. माझ्या आधीच्या तिघांनी आणि माझ्या नंतरच्या चौघांनी त्या प्रश्नाला 'वीस' हेच उत्तर दिलं. पाचवा एक हुशार मुलगा आला, त्याने बरोबर सांगितलं, तर काका दिवसभर नाराज. संध्याकाळी मला म्हणाले, "ह्या पोराला मी शिकवू काय?"

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मी ठाण्याहून कंपनीच्या बसने यायची. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर आणि कारखाने, दुसऱ्या अंगाला खाजणाची दलदल, मिठागरं आणि खाडी. नवं शहर तेव्हा बरंचसं नकाशावरच होतं. काका खाडीकाठच्या गावातले, घराणं मिठागरावरचं. भातशेतीची जमीन शहरासाठी गेली आणि तिच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळणार होती, ती थोरल्याला मिळाली. धाकटा भाऊ धर्मा मिठागरावरच राहिला. मिठागर मुंबईच्या कुणा शेठचं, पण तीन पिढ्या कसलं म्हात्र्यांनीच.

काकांची बुटकी, रुंद मूर्ती सदा खाकीत असायची. टाचांना जुन्या मिठाने पडलेल्या भेगा होत्या, त्या बुटांत राहूनही कधी भरल्या नाहीत. काचेच्या पेटीतला तराजू ही त्यांची खास जहागीर. पितळी वजनं चिमट्याने उचलायची, पेटीचं दार लावायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत बोलायचं नाही. कुणी शेजारी उभं राहून श्वास जोरात सोडला तरी ते असे बघायचे, की त्याने देवळात चप्पल घालून पाय ठेवला असावा. दसऱ्याला सगळा कारखाना यंत्रांना झेंडू वाहायचा. काकाही तराजूला वाहायचे, पण पेटीच्या बाहेरून. एका वर्षी सामंतसाहेबांनी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या मॅनेजरनी, हौसेने दार उघडून थेट पारड्यातच फूल ठेवलं. साहेबांची पाठ वळल्यावर काकांनी ते काढलं, पारडं पुसलं, वजनं तपासली आणि मला म्हणाले, "देवाला फूल चालतं. याला नाय चालत."

बाटलीवर नुसता 'दहा टक्के' असा कागद दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. कशाचे दहा? वजनाचे की मापाचे? कॉस्टिक सोड्याचं दाट द्रावण लिटरभर घेतलं तर दीड किलो भरतं. तिथे ज्याने वजन आणि माप एक धरलं त्याचं हसं व्हायचं, कधी हातही भाजायचे. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक बाटलीवर टक्क्यापुढे काकांच्या गोल अक्षरात 'वजनी' लिहिलेलं असे. "लिटर ही भांड्याची गोष्ट," ते म्हणायचे, "वजन ही मालाची." मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकले ते ह्या एका वाक्यात मावलं असतं, आणि फीसुद्धा वाचली असती.

डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सोबत एका छोट्या बाटलीत जाडं मीठ, धर्माच्या हातचं. "बाजारचा मीठ नुसता खारट," म्हणायचे. नव्या केमिस्टाला त्यातली कागदाची एक पुडी मिळायचीच. मला मिळाली ती मी ठाण्याला नेली, सासूबाईंनी आमटीत घातली, आणि पुढे पाचेक वर्षं आमच्या घरात दुसरं मीठ आलं नाही.

एकदा फेब्रुवारीत, शनिवारच्या अर्ध्या दिवशी, काकांनी मला मिठागर दाखवायला नेलं. बांधावरून एकामागे एक चालत गेलो. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यायचं, आणि उन्हाने ते आटत जायचं. खाडीतून येताना हजार किलोत पस्तीसेक किलो मीठ असतं. शेवटच्या वाफ्यापर्यंत ते अडीचशेच्या वर जातं आणि मग पाण्यात राहायला जागा नसते म्हणून खाली बसतं. धर्मा घोटाभर पाण्यात उभा होता. काकांपेक्षा उंच, उन्हाने करपलेला, अगदी कमी बोलणारा.

काका त्याला म्हणाले, "बायना सांग, कवा बसंल?"

धर्माने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "परवा. दुपारच्यान."

मी बरोबर बाटली नेली होती. तेव्हा मी तेवीस वर्षांची आणि अतिशहाणी. सोमवारी नमुना तोलून बशीत आटवला, उरलेलं तोललं, तर पंचवीस टक्क्यांच्या आत-बाहेर, म्हणजे बसायच्या बेतात. मीठ त्याच दुपारी बसल्याचं काकांनी मंगळवारी सांगितलं, आणि सांगताना भावाच्या कौतुकाने त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला हेवा वाटला. "मी तराजूनं जेवढा सांगतो ना, त्यो बोटानं सांगतो," ते म्हणाले. "आमच्यात शिकलेला त्योच."

इथपर्यंतच लिहून थांबता आलं असतं तर मी फार आनंदाने थांबले असते.

एकोणऐंशीच्या सुमारास कारखान्यात नवा विभाग सुरू झाला आणि नाल्यातून खाडीत पिवळंजर्द सांडपाणी जाऊ लागलं. पहिल्यांदा कुणी विचारलं नाही. मग सरकारी तपासणी सुरू झाली. महिन्यातून एकदा माणूस येणार, नाल्याच्या तोंडाशी बाटली भरणार, आणि त्यात विरघळलेली घाण ठरल्यापेक्षा जास्त निघाली तर नोटीस. आमच्याकडे ती हजार किलोत वीस किलो होती. चालणार होती हजारात दोन.

सामंतसाहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. माझ्याकडे न बघता थेट काकांपाशी गेले. "काय म्हात्रे, तुम्ही टक्केवारीत एक्सपर्ट ना? एक गणित सांगा. हजार किलोत वीस किलो आहे. मला हजारात दोन पाहिजे. किती पाणी घालू?"

आठ वर्षांच्या नोकरीत मॅनेजरने काकांना आपणहून काही विचारल्याची ती पहिली वेळ. ते उभे राहिले, खिशातून पेन्सिल काढली. मला त्यांची मान अजून दिसते, किंचित तिरकी, शाळेत फळ्यापाशी बोलावलेल्या हुशार मुलाची असते तशी. वीस किलो तेवढेच राहणार. ते हजारात दोन व्हायचे तर सगळं मिळून दहा हजार व्हायला हवं. दहा हजारांतून एक हजार गेले, नऊ हजार राहिले. "एका टाकीला नव टाक्या पानी, साहेब." चिठ्ठीवर तसं लिहून दिलं आणि खाली, सवयीने, 'वजनी'.

"वा! ह्याला म्हणतात डोकं," साहेब म्हणाले आणि चिठ्ठी खिशात घालून गेले. काकांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

आठवड्याभरात नाल्यावर गोड्या पाण्याचा जाड पाइप आला. काकांच्या गावात बायका एका नळावर हंडे घेऊन ताटकळत, आणि इकडे एका टाकीमागे नऊ टाक्या चांगलं पाणी नाल्यात. नाला पिवळ्याचा फिकट झाला. तपासणी पास. खाली सही माझी, कारण काकांच्या सहीला किंमत नव्हती. मीही खूश होते. खोटं कशाला बोलू? आकडा बरोबर होता.

काकांना एकच गोष्ट खटकली, तीही चार-सहा दिवसांनी. तराजू पुसता पुसता म्हणाले, "बाय, टक्का खाली आला. पन टाकीमागं वीस किलो तं रोजचा तेवढाच चाललाय ना?"

"तेवढाच," मी म्हणाले. "पण खाडी मोठी आहे, काका."

"हां. खाडी मोठी हाय," असं म्हणून ते पुन्हा पुसायला लागले. ते वाक्य माझं होतं, आणि आजही ते आठवलं की जीभ छाटून टाकावीशी वाटते.

दोन हंगाम गेले. ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये एका दुपारी धर्मा कारखान्याच्या गेटवर आला. कधी न येणारा माणूस. पंच्यात बांधून मूठभर मीठ आणलं होतं. ते पिवळट होतं आणि त्याला आमच्या नव्या विभागाचा वास येत होता. तो वास ओळखायला मला बाटली लागली नाही.

"व्यापारी बोलतो, यो मीठ हाय का हलद?" धर्मा म्हणाला. "गाडी परत गेली. दादा, तू तपासून सांग, यात काय हाय."

काकांनी तीन दिवस तपासलं. एकदा करून समाधान होईना, दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. डबा तसाच घरी जायचा. तिसऱ्या दिवशी बशी समोर ठेवून बसले होते. मी म्हटलं, "काका, खाडीचं पाणी आम्ही आणून तपासलं की. त्यात तर दिसतसुद्धा नाही, इतकं कमी आहे."

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मग अगदी हळू बोलले.

"मिठागरात काय करतात, बाय? पानी काढतात ना? मी हितं नव टाक्या घातल्या. तिथं ऊन सगल्या काढतं. माझ्या नव बी काढतं, नि वरची दहावी बी. पानी जातं, माल ऱ्हातो." पुढे म्हणाले, "तुमी शेहरातली मानसं. तुमाला नाय सुचला तं चाललं. मी मिठागरावर जल्मलो. मना सुचाया नको?"

त्यांच्या बापाने, आज्याने आयुष्यभर हेच केलं होतं, पाणी उडवून वजन मागे ठेवायचं. जगात कुणालाही हे विसरायची मुभा असेल, म्हात्र्यांना नव्हती. आणि नेमकं त्यांच्याच हातून, साहेबाने विचारलं ह्या आनंदात, ते विसरलं गेलं.

आम्ही दोघं सामंतसाहेबांकडे गेलो. साहेब चांगले बोलले, बसायला सांगितलं. काका बसले नाहीत. सगळं ऐकून साहेबांनी फाइल उघडली. त्यात ती चिठ्ठी नीट पंच करून लावलेली होती.

"म्हात्रे, आकडा कायद्यात बसतो. बसतो की नाही? आणि हे गणित कोणाचं? अक्षर कोणाचं?"

"माझा."

"मग? किलो कोण विचारतंय? उगाच टेन्शन घेऊ नका."

काका परत आले आणि रोजच्या नोंदवहीत टक्क्याच्या पुढे एक रकाना आखून नाल्यातून जाणारे किलो लिहू लागले. रोजचे रोज, लाल शाईने. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वाचतही नव्हतं. सात महिने लिहिले. मग ते साहेबांच्या नजरेला पडलं आणि मला नवीन वही देण्यात आली. जुनी उतरून काढायची, लाल रकाना सोडून.

मला घरी दोन वर्षांचं मूल होतं, नवऱ्याची गिरणी संपात बंद होती. ही कारणं खरी आहेत आणि त्यांनी काही भागत नाही. मी उतरवायला बसले. काका समोर येऊन बसले, जुनी वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाले, "चुकशील, बाय. मी वाचतो, तू लिही." सात महिने त्यांनी मला वाचून दाखवले. तारीख, मग टक्का. मग त्यांची नजर लाल आकड्यावर जायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आणि पुढची तारीख. दोन दिवस आम्ही हे काम केलं. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

धर्माला सांगायचं राहिलं होतं; इतके महिने काका 'तपासनी चालू हाय' म्हणून टाळत आले होते. त्यांनी मला सोबत नेलं, "तू बोललीस तं त्याला खरा वाटंल." वाफ्यांत पाणी होतं, पण मीठ ओढून ढीग घातलेले नव्हते. मी समजावून सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. धर्माने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"कंपनीला पानी घालाया कोनी शिकवला?"

मला बोलता आलं असतं. साहेबांनी विचारलं, सही माझी आहे, काकांनी फक्त गणित केलं, असं काहीही. मी बांधावरच्या गवताकडे बघत राहिले.

"मी," काका म्हणाले. "गनित माझा हाय."

धर्मा ओरडला नाही. पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि बांधाने निघून गेला. त्यानंतर तो थोरल्या भावाशी बोलला नाही. पुढच्या पावसाळ्यात घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. काकू, काकांची बायको, एकदा बसस्टॉपवर भेटल्या तेव्हा रडत म्हणाल्या, "पलीकडं खोकतो तो आयकाया येतो गो. इचारायचं कसं?"

काकांची प्रयोगशाळेतून बदली झाली. गेटजवळच्या वजनकाट्यावर. ट्रक यायचे, ते तोलायचे आणि पावती फाडायची. साहेब म्हणाले, "त्यांना वजनाची आवडच आहे." ऑफिसात काहीजण हसले. तराजूची काचपेटी आता नव्या मुलाच्या ताब्यात आली. तो दार उघडं टाकून जेवायला जायचा.

मिठागर आणखी एक हंगाम कसंबसं चाललं, मग शेठने सोडून दिलं. जमीन आमच्याच कंपनीने गोदामासाठी घेतली. भरणी सुरू झाली शहाऐंशीच्या जानेवारीत. डोंगराच्या खाणीतून मुरूम भरून ट्रक यायचे, आमच्या काट्यावर तोलले जायचे आणि मागच्या रस्त्याने खाजणात उतरायचे.

त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. नवऱ्याला पुण्यात काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी काकांचा निरोप घ्यायला काट्याच्या केबिनीत गेले. डोक्याचे केस पार पांढरे झालेले. चष्मा आला होता. मला स्टूल दिलं, पुण्याच्या पाण्याची चौकशी केली, मुलाच्या शाळेचं विचारलं. मी माफी मागायची ठरवून आले होते. शब्द जुळवत होते, तेवढ्यात ट्रक आला.

मुरमाने शिगोशीग भरलेला, आणि वर, मुरमावर, एक माणूस फावडं घेऊन बसलेला. नियम असा की तोलताना गाडीवर कुणी राहायचं नाही. काका खिडकीतून ड्रायव्हरला म्हणाले, "मानूस उतरवा."

वरचा माणूस उतरला. तो धर्मा होता. खाली उतरून केबिनीकडे पाठ करून उभा राहिला, खिडकीपासून चार हातांवर. त्याच्या मानेवरचा, मुरमाच्या धुळीने माखलेला घाम दिसत होता. मधेच त्याला खोकला आला. कोरडा, लांबलेला. काकांचा हात दांड्यावरचं वजन सरकवता सरकवता थांबला.

मग त्यांनी ते वजन थोडं पुढे घेतलं. थोडं मागे. पुन्हा पुढे. मला त्या कामातलं कळत होतं. दांडा केव्हाच समतोल झाला होता. काका त्याच्याकडे बघतच नव्हते. ते धर्माच्या पाठीकडे बघत होते आणि वजन एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेऊन परत आणत होते.

"काका, झालं की नाय?" ड्रायव्हर ओरडला. "मागं लाइन लागलीय."

"थांब," काका म्हणाले. "काटा हलतोय."

धर्मा वळला नाही. पण गेलाही नाही. फावडं टेकवून तसाच उभा राहिला. मागच्या ट्रकांचे हॉर्न वाजायला लागले. माझ्या बसची वेळ झाली होती. मी आवाज न करता स्टूल सरकवून उठले आणि निघाले, तेव्हाही ती गाडी काट्यावरच उभी होती.